‘अधिकृत’ या शब्दाचे बळ

निवडणूक जवळ आली की वृत्तपत्रांतून ‘अधिकृत उमेदवार’ हा शब्दप्रयोग रोज भेटू लागतो. ज्या पक्षाजवळ स्वतःचे मान्यताप्राप्त चिन्ह आहे, त्याच्या बाबतीत या शब्दामागे कायदा उभा असतो. पक्षाचे पत्र निवडणूक अधिकाऱ्याच्या हाती पडले की उमेदवाराला चिन्ह मिळते, आणि मतदार नाव न वाचताही शिक्का मारू शकतो किंवा कळ दाबू शकतो. येथे जयपुरात, गोपालपुऱ्यात राहणाऱ्या आम्हां मंडळींना हीच रीत परिचयाची आहे. परंतु बेळगाव-खानापूरच्या सीमाभागात ‘अधिकृत’ या शब्दाचा इतिहास निराळा आहे. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाने तो मुद्दाम समजून घ्यावा, असा आहे.

त्यासाठी प्रथम 6 फेब्रुवारी 1956 या दिवसाकडे वळले पाहिजे. त्या दिवशी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समितीची स्थापना झाली. समिती हा पक्ष नव्हता. परस्परांशी हाडवैर असलेल्या पक्षांचा तो संगम होता. 1957 च्या सार्वत्रिक निवडणुकीत या समितीच्या पाठिंब्याने मुंबईतून कम्युनिस्ट डांगे, पुण्यातून प्रजासमाजवादी ना. ग. गोरे, नाशिकमधून शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे दादासाहेब गायकवाड आणि धुळ्यातून जनसंघाचे उत्तमराव पाटील लोकसभेवर निवडून गेले. एरवी ही चार माणसे एका व्यासपीठावर बसती ना! एका जागेवर समितीचा एकच माणूस उभा राहावयाचा, आणि उरलेल्यांनी आपला झेंडा बाजूस ठेवून त्याच्यासाठी राबावयाचे, हा त्या विजयाचा कणा होता. पुढे 1 मे 1960 रोजी महाराष्ट्र राज्य झाले; हेतू सफल झाला आणि बंधन सैल झाले. 1962 मध्ये काँग्रेसने विधानसभेच्या 264 पैकी 215 जागा जिंकल्या.

बेळगावचा हेतू मात्र सफल झाला नव्हता. 1 नोव्हेंबर 1956 रोजी तो भाग म्हैसूर राज्यात गेला होता. त्यामुळे तेथील महाराष्ट्र एकीकरण समितीस 1960 नंतरही उभे राहणे प्राप्त होते. 1962 च्या म्हैसूर विधानसभेत समितीचे सहा सदस्य होते. 1967 मध्ये महाजन आयोगाच्या अहवालाने बेळगाव शहर म्हैसुरातच ठेवले. तरीही दर निवडणूक हे समितीच्या दृष्टीने एक लहानसे सार्वमतच राहिले. मराठी माणसाने समितीच्या उमेदवारास दिलेले मत हे त्या व्यक्तीपेक्षा त्या मागणीला दिलेले मत होते.

परंतु सार्वमताला एकच प्रश्न असावा लागतो, आणि एकच उत्तर. 1996 च्या लोकसभा निवडणुकीत याच्या अगदी उलट प्रयोग झाला. सीमाप्रश्नाकडे देशाचे लक्ष वेधावे म्हणून अर्जांचा पाऊस पाडण्यात आला आणि बेळगाव मतदारसंघात 456 उमेदवार उभे राहिले. मतपत्रिकेचे पुस्तक झाले. निषेध म्हणून ते प्रभावी होते, पण निवडून येण्याचा तो मार्ग नव्हता. त्याच वर्षी कायदा बदलून लोकसभेची अनामत रक्कम 500 रुपयांवरून 10,000 रुपयांवर नेण्यात आली.

अलीकडच्या काळात समितीचे उमेदवार निवडणूक आयोगाच्या दफ्तरी ‘अपक्ष’ म्हणून नोंदले गेले आहेत. मिळेल ते चिन्ह घ्यावयाचे आणि थोड्या दिवसांत ते घरोघर पोहोचवावयाचे! अशा वेळी समितीने जाहीर केलेले नाव हेच तिचे चिन्ह होते. त्या जाहीर नावाला कायद्याचा टेकू नसतो. ज्यांना उमेदवारी मिळाली नाही, त्यांनी अर्ज मागे घेणे, एवढाच त्याचा आधार. 2013 मध्ये बेळगाव दक्षिणेतून संभाजी पाटील आणि खानापुरातून अरविंद पाटील असे दोघे निवडून आले. 2018 मध्ये समितीत दोन गट पडले. खानापुरात अरविंद पाटील आणि विलास बेळगावकर असे दोघेही समितीचेच म्हणून उभे राहिले. काँग्रेसच्या अंजली निंबाळकर सुमारे साडेछत्तीस हजार मतांवर विजयी झाल्या. या दोघांच्या मतांची बेरीज चव्वेचाळीस हजारांच्या घरात गेली होती. बेरीज मतदारांनी केली होती, वजाबाकी पुढाऱ्यांनी केली.

मात्र ऐक्य म्हणजे हमखास यश, असेही नाही. 2023 मध्ये समितीने एका जागी एकच उमेदवार दिला, तरी एकही जागा हाती आली नाही. बेळगाव दक्षिणेत रमाकांत कोंडुसकर दुसऱ्या क्रमांकावर राहिले. मधल्या काळात राष्ट्रीय पक्षांनीही मराठी उमेदवार दिले, आणि नव्या पिढीपुढे भाषेखेरीज नोकरी, रस्ते, पाणी हे प्रश्नही उभे राहिले. एकदा विस्कटलेला विश्वास एका निवडणुकीत परत येत नाही, हेही खरेच.

तेव्हा ‘अधिकृत’ या शब्दाचे बळ शिक्क्यात नाही. ज्याचे नाव वगळले गेले तो माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी निवडलेल्याच्या प्रचाराला बाहेर पडतो की नाही, यात ते आहे. 1957 मध्ये भिन्न विचारांच्या पक्षांना जे साधले, ते 2018 मध्ये एकाच विचाराच्या माणसांना साधले नाही. सीमाभागातील मराठी माणसाने आपले मत पिढ्यान्‌पिढ्या प्रामाणिकपणे दिले आहे. ते कोणाला द्यावे हे त्याला एका आवाजात सांगणे, एवढे ऋण त्याच्या पुढाऱ्यांवर आहे.