सरांचा अर्धायुकाल आणि ट्रॉम्बेचं यंत्र

सरांनी फळ्यावर अर्धायुकाल शिकवला त्या दिवशी मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं होतं, "सर, याचा दारव्ह्यात काय उपयोग?" वर्ग हसला, मीही हसले. उपयोग पुढच्याच वर्षी कळला.

माझ्या मोठ्या मावशीला गर्भाशयमुखाचा कर्करोग निघाला. यवतमाळहून तिला नागपूरला पाठवलं. तिथे कोबाल्टचा शेक घ्यायचा होता, शनिवार-रविवार सोडून रोज, पाच आठवडे. पंधरा शेक झाले आणि कापूस वेचायला आला. मावशी एस.टी.ने परत आली ती पुन्हा गेलीच नाही. "पुरे कर ना" असं तिला कुणी म्हटलं नाही. मीही नाही. दोन वर्षांनी ती गेली.

पुढे मी इंजिनिअर झाले आणि त्या शेकाचा इतिहास वाचत गेले. १८९५ साली राँटगेनला क्ष-किरण सापडले. आपल्याकडे मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली सुरू झालं. कोबाल्ट-६० ने रुग्णांवर उपचार १९५१ साली कॅनडात सुरू झाले. या कोबाल्टचा अर्धायुकाल सुमारे सव्वापाच वर्षं. म्हणजे स्रोत दर महिन्याला साधारण एक टक्क्याने क्षीण होतो, आणि सव्वापाच वर्षांनी तेवढ्याच मात्रेसाठी रुग्णाला दुप्पट वेळ यंत्राखाली ठेवावं लागतं. हा हिशेब भौतिकतज्ज्ञ मांडतात आणि किरणोपचार तंत्रज्ञ रोज, प्रत्येक रुग्णासाठी पाळतात. सरांचं गणित तिथे रोज सुटत होतं.

ही यंत्रं बरीच वर्षं परदेशातून यायची. मग ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने टाटा मेमोरियल सेंटरच्या साथीने स्वतःचं यंत्र घडवलं, भाभाट्रॉन. पहिलं यंत्र २००५ साली खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये बसलं. ते संगणकावर चालतं. वीज गेली तरी बॅटरीवर उपचार पुरा करता येतो. आपल्याकडचं भारनियमन आठवा, म्हणजे याची किंमत कळेल. बिघाड झाला तर स्रोत आपोआप सुरक्षित कप्प्यात परततो. पुढे भाभाट्रॉन व्हिएतनाम आणि केनियापर्यंत पोहोचलं. मुंबईच्याच 'समीर' संस्थेने देशी रेखीय प्रवेगक बनवला, तो आपल्या शेजारच्या सेवाग्रामलाही आला.

सॉफ्टवेअरवाली म्हणून मला आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका-कॅनडात थेरॅक-२५ नावाच्या यंत्राने सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरण दिले, काही दगावले. जुन्या यंत्रांत असलेले लोखंडी अडसर काढून सगळा भरवसा प्रोग्रामवर टाकला होता, आणि प्रोग्रामात चूक होती. ऑपरेटर भराभर टाइप करायला लागला की ती उघडी पडायची. नव्या मुलांना कोड शिकवताना मी पहिल्याच दिवशी हे सांगते. प्रोग्राम बरोबर आहे असं वाटणं आणि तो बरोबर असणं, या दोहोंमध्ये एक माणूस झोपलेला असतो.

पण यंत्र कितीही चांगलं असलं तरी अर्धवट सोडलेला उपचार ते पुरा करू शकत नाही. खंड पडला की उरलेल्या पेशी पुन्हा वाढतात. मावशीला हे समजेल अशा भाषेत आम्ही कुणी सांगितलं नाही. त्या घरात विज्ञान शिकलेली मी एकटीच होते.

आपल्यापैकी कुणी आज शिक्षक आहे, कुणी औषधाचं दुकान चालवतं, कुणी सरपंच आहे. गावातलं कुणी शेकासाठी नागपूरला किंवा सेवाग्रामला गेलं, तर वेचणीच्या दिवसांत त्याच्या घरी एक चक्कर मारा. शेत आपण बघू, तू शेक पुरे कर, एवढंच सांगा.

सर, उपयोग होता.