शेणोलीची गाडी आणि कुंडलचा कॅप्टन

दुसऱ्या महायुद्धात मराठी माणसाने दोन आघाड्यांवर पराक्रम केला. इटलीच्या रणभूमीवर १० जुलै १९४४ रोजी देह ठेवणारे माणगावकडील नाईक यशवंत घाडगे यांस मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. दुसरी आघाडी आपल्या कृष्णाकाठी होती; तेथील वीरांस तेव्हा पदक नव्हे, तर वॉरंट मिळत असे.

सातारा व सांगली या आजच्या जिल्ह्यांत विखुरलेल्या औंध संस्थानात कुंडल हे गाव मोडे. श्रीमंत भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३९ साली प्रजेच्या हाती कारभार सोपविला होता. इंग्रजी मुलखाच्या मधोमध असलेली ही संस्थानी गावे १९४२ नंतर भूमिगतांचा आसरा ठरली. क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार १९४३ मध्ये उभे राहिले, आणि त्याची तुफान सेना कुंडलास घडली. तिचे एक नायक रामचंद्र श्रीपती लाड होत. लोक त्यांस कॅप्टन भाऊ म्हणत.

७ जून १९४३ रोजी पुणे-मिरज लोहमार्गावर शेणोलीनजीक सरकारी पगाराची रक्कम नेणारी गाडी या तरुणांनी अडविली. रुळांवर पुढे दगड रचले, मागेही रचले. गाडीस ना पुढे वाट, ना मागे. हाती लाठ्या, विळे आणि थोडे गावठी बाँब. कॅप्टन भाऊ व जी. डी. बापू लाड यांच्या पुढारपणाखाली १९,१७५ रुपये हस्तगत झाले.

या कृत्यास कोणी 'लूट' म्हटले, तर कॅप्टन भाऊंस ते वृद्धपणीही खपत नसे. इंग्रजांनी जनतेकडून उकळलेला पैसा जनतेकडे परत आणला, असे त्यांचे म्हणणे असे. यात केवळ शब्दाचा हट्ट नव्हता. लूट म्हटले की दरोडेखोर उभा राहतो. परत आणले म्हटले की मालक उभा राहतो. इतिहासाचा निवाडा पुष्कळदा अशा एका शब्दावरच होतो.

कॅप्टन भाऊ शंभरीच्या उंबरठ्यावर असता २०२२ साली निवर्तले. शेणोलीच्या मार्गावरून गाड्या आजही धावतात. वाचकहो, पदकांची नोंद सरकारी दप्तरात राहते. बिनपदकाच्या शौर्याची नोंद ठेवणारे दप्तर आपली स्मृती हेच होय. आपापल्या घरच्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी वेळीच लिहून ठेवाव्यात, एवढीच विनंती.