कोरियांतील देशी काढा आणि सरकारी आरोग्यविमा

दक्षिण कोरियांतील देशी वैद्यकाविषयीं लिहितांना "तेथें वनौषधींस इ. स. १९८७ पासून सरकारी आरोग्यविम्याचा आधार आहे" असें विधान वरचेवर केलें जातें. हें विधान खोटें नाहीं; पण वाचक तें ज्या अर्थानें घेतो त्या अर्थानें तें खरेंही नाहीं. १९८७ सालीं विम्यांत आलें तें कारखान्यांत तयार झालेलें औषधींचें चूर्ण. वैद्यानें रोगी पाहून बांधून दिलेला व पाण्यांत शिजविलेला काढा त्यानंतर ३३ वर्षें विम्याबाहेरच राहिला. एका अक्षरानें पाठ फिरतो आणि पाठानें अर्थ फिरतो, हें या त्रैमासिकाच्या वाचकांस आम्हीं सांगावयास नको. येथें कल्पनेच्या, म्हणजे औषध सिद्ध करण्याच्या रीतीच्या, एका भेदावर रोग्याचा खर्च आणि एका जुन्या विद्येचें स्वरूप हीं दोन्हीं अवलंबून आहेत. म्हणून हा विषय मुळापासून पाहणें इष्ट वाटलें.

(१) औषध प्रजेपर्यंत कसें पोंचवावें हा प्रश्न कोरियन राजसत्तेपुढें नवा नव्हता. राजा सेजोंग याच्या कारकीर्दींत इ. स. १४३३ मध्यें 'ह्यांग्याक जिप्सॉंगबांग' हा ८५ भागांचा ग्रंथ सिद्ध झाला. 'ह्यांग्याक' म्हणजे देशांत उगवणारें औषध. चीनमधून येणारीं द्रव्यें महाग व दुर्मिळ असल्यामुळें घरच्या रानांतील वनस्पतींवर चिकित्सा बसवावी, हा त्याचा हेतु होता. पुढें १५९६ सालीं राजा सॉन्जो यानें राजवैद्य हॉ जुन यास नवा संग्रह करण्याची आज्ञा दिली. जपानी स्वारीनें देश उद्ध्वस्त झाला होता. दुसऱ्याच वर्षीं पुन्हां स्वारी आली आणि काम करणारी मंडळी पांगली. १६०८ सालीं राजा वारला व हॉ जुन यास हद्दपार व्हावें लागलें. तरीही त्यानें काम सोडलें नाहीं. १६१० सालीं 'दोंगइबोगाम' पुरा झाला आणि १६१३ सालीं २५ भागांत छापला गेला. युनेस्कोच्या जागतिक स्मृतिलेखांत त्याचा समावेश २००९ सालीं झाला.

या ग्रंथाचीं दोन लक्षणें पुढील विवेचनास उपयोगी आहेत. औषधिद्रव्यांच्या प्रकरणांत चिनी नांवाबरोबर अनेक ठिकाणीं लोकांच्या तोंडचें कोरियन नांव देशी लिपींत दिलें आहे. हेतु हा कीं, वैद्य नसलेल्या खेडुतासही रान ओळखतां यावें. दुसरें असें कीं, उतारा कोणत्या ग्रंथांतून घेतला तें ग्रंथकार जागोजागीं नमूद करतो. संस्कृतज्ञ वाचकांस आणखी एक गोष्ट रुचेल. आरंभींच्या भागांत पृथ्वी, आप, तेज व वायु या चार महाभूतांपासून शरीर बनतें, हें बौद्धांचें मत त्यानें नांव घेऊन नोंदलें आहे. आपल्याकडील विचाराचा धागा बौद्ध ग्रंथांच्या वाटेनें तेथवर गेलेला आहे.

हस्तलिखितें व जुनीं पुस्तकें जमविणारांसाठीं एक प्रसंग येथें नोंदवितों. १४७७ सालीं छापलेला 'उइबांग यूच्वी' हा २६६ भागांचा वैद्यककोश त्याच स्वारींत जपानांत नेला गेला. मूळ छपाईचे २५२ भाग आज जपानच्या राजग्रंथालयांत आहेत. मायदेशीं पूर्ण मूळ प्रत उरली नाहीं. १८६१ सालीं जपानांत त्याचें पुनर्मुद्रण पुरें झालें आणि १८७६ च्या गंगह्वा तहाच्या प्रसंगीं तें कोरियन दरबारास भेट म्हणून मिळालें. आपलाच ग्रंथ परक्याच्या हातून परत घ्यावा लागला!

(२) जपानी अंमलांत ग्रंथांमागोमाग वैद्यांचें पदही गेलें. १९१३ च्या नियमांनीं देशी वैद्यांस 'उइसेंग' हा कनिष्ठ दर्जा देण्यांत आला. त्या शब्दांत वैद्य हा अर्थ न राहतां वैद्यविद्यार्थी हा अर्थ आला. स्वातंत्र्यानंतर, युद्ध चालू असतां, १९५१ सालीं बुसान येथें कायदा होऊन 'हानउइसा' म्हणून त्यांस पुन्हां मान्यता मिळाली. १९८६ सालीं कायद्यांतील या नांवाच्या आद्याक्षराची चिनी लेखणी बदलली. उच्चार तोच राहिला, परंतु चीनवाचक अक्षराच्या जागीं कोरियावाचक अक्षर आलें. एका अक्षरानें विद्येचें कूळ बदलून घेतल्याचें हें उदाहरण आहे.

(३) आरोग्यविम्याचा कायदा १९६३ चा. १ जुलै १९७७ पासून ५०० वा अधिक कामगारांच्या कारखान्यांस विमा सक्तीचा झाला. १ जुलै १९८९ रोजीं तो सर्व प्रजेस लागू झाला. आणि २००० सालीं निरनिराळे विमासंघ मोडून एकच राष्ट्रीय संस्था झाली. देशी चिकित्सेचा प्रयोग १९८४ च्या डिसेंबरांत चॉंगजू भागांत सुरू झाला व फेब्रुवारी १९८७ मध्यें देशभर पसरला. सुया टोचणें, डाग देणें व तुंबड्या लावणें यांबरोबर औषधेंही आलीं. पुढें ही यादी ६८ एकेरी द्रव्यें व ५६ योग एवढ्यावर स्थिरावली.

खरी मेख या यादींत आहे. विम्याच्या योगांत प्रत्येक द्रव्याचा अर्क निरनिराळा काढून, सुकवून, मग तीं चूर्णें एकत्र करीत. आपल्या शार्ङ्गधरानें स्वरस, कल्क, क्वाथ, हिम व फाण्ट अशा पांच कल्पना निरनिराळ्या सांगितल्या आहेत; द्रव्य एक असलें तरी कल्पनेनें औषध वेगळें होतें, हें त्यांत गृहीत आहे. कोरियन वैद्यांचा आक्षेप याच जातीचा होता. द्रव्यें एका भांड्यांत शिजतांना परस्परांवर जो संस्कार करतात तो अशा मिश्रणांत येत नाहीं, आणि रोग्याप्रमाणें एखादें द्रव्य वाढविण्याची वा गाळण्याची मोकळीकही राहत नाहीं. उलट विमेदाराची अडचणही खोटी नव्हती. रोग्यागणिक बदलणाऱ्या वस्तूची किंमत ठरवावी कशी आणि शुद्धता तपासावी कशी? परिणाम असा झाला कीं, देशी चिकित्सेवरील विम्याच्या खर्चांत औषधांचा वाटा अल्प राहिला, सुयांचा मोठा झाला, आणि काढा ज्यास परवडे त्याचाच राहिला.

(४) काढा विम्यांत आणण्याच्या वाटेंत आणखी भांडणें होतीं. औषध बांधण्याचा हक्क वैद्यांचा कीं औषधविक्यांचा, यावर १९९३ सालीं मोठा कलह माजला. विद्यार्थ्यांनीं वर्गांवर बहिष्कार घातले. आणि १९९४ सालीं देशी औषधें बांधणारांचा स्वतंत्र वर्ग कायद्यानें निर्माण झाला. २०२० च्या ऑगस्टांत पाश्चात्त्य वैद्यकाच्या डॉक्टरांनीं संप केला, तेव्हां ज्या चार सरकारी धोरणांस त्यांचा विरोध होता त्यांत काढ्याचा विमा हें एक होतें. गुण व निर्धोकपणा आधीं सिद्ध करा, असें त्यांचें म्हणणें होतें. देशी वैद्यांतही एकमत नव्हतें. मात्र मतदानांत बहुमत अनुकूल पडलें.

२० नोव्हेंबर २०२० रोजीं प्रयोग सुरू झाला. चेहऱ्याचा वात (आपल्याकडील अर्दित), मासिक पाळीच्या वेदना, आणि ६५ वर्षांवरील रोग्यांत मेंदूच्या झटक्यानंतर राहणारे विकार, एवढ्यांपुरता तो होता. वर्षांतून दहा दिवसांचा काढा व खर्चाचा निम्मा भार रोग्यावर अशी मर्यादा होती. जुन्या मापानें एक पुडी म्हणजे 'चॉप' व वीस चॉपांचा एक 'जे'. दहा दिवसांचा काढा म्हणजे बरोबर एक जे. शतकांपूर्वींचें माप सरकारी नियमांत असें टिकलें. एप्रिल २०२४ पासून नाकाची अॅलर्जी, अजीर्ण व कंबरेच्या मणक्यांतील चकती सरकणें हे आणखी तीन विकार त्यांत आले, आणि लहान दवाखान्यांत रोग्याचा वाटा शेंकडा ३० वर आला.

(५) आतां आमचें मत. पुराव्याची मागणी म्हणजे परंपरेचा अपमान, असें मानणें बरोबर नाहीं. उताऱ्याखालीं मूळ ग्रंथाचें नांव घालणारा हॉ जुन आधार मागणारांच्याच पंक्तींत बसतो. त्याचप्रमाणें ज्या औषधासाठीं गरिबाची गांठ सुटत नाहीं तें कितीही प्राचीन असलें तरी सेजोंग व सॉन्जो यांच्या हेतूस उतरत नाहीं. चूर्णाच्या यादीनें विद्येचें नांव राखलें. काढ्याच्या प्रयोगानें तिचें स्वरूप राखण्याचा यत्न आरंभला. म्हणून १९८७ व २०२० हीं दोन सालें निरनिराळीं नोंदलीं पाहिजेत. एकाच वाक्यांत तीं गुंडाळणें इतिहासास धरून नाहीं.

या प्रयोगांतील एक नियम आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. काढ्यांत काय काय घातलें, त्याचा लेख रोग्याच्या हातीं द्यावयाचा असतो. घराण्याचा योग गुप्त ठेवण्याची वैद्यांची रीत आपल्या परिचयाची आहे. असे किती योग धन्याबरोबर चितेवर गेले आणि कितींचे नुसते मथळे आपल्या बाडांत उरले, हें संग्राहकांस ठाऊक आहे. जो योग लिहून रोग्याच्या हातीं पडला, तो पुढें तपासतां येतो, खोडतां येतो आणि राखतांही येतो.