शक्ति चाकापर्यंत कशी न्यावी?

भाईंदरच्या केबिन रोडवरून घाईघाईनें स्टेशन गांठणाऱ्याला एक अनुभव वारंवार येतो. फलाटावरून हललेली लोकल पाहतां पाहतां अशी वेग घेते कीं, धांवणाऱ्याचा हात दांडीपाशीं पोंचत नाहीं. मोटारगाडी हांकणारा या अवधींत दोनतीनदां गिअर बदलील; लोकलचा मोटरमन एकदांहि बदलीत नाहीं. बदलण्याजोगा गिअर त्या गाडींत नसतोच. पेट्रोलच्या इंजिनाला मंद फिरतांना जोर नसतो, म्हणून त्याला गिअरपेटीची मदत लागते. लोकलच्या विजेच्या मोटरीचा जोर मात्र गाडी उभी असतांनाच सर्वांत अधिक असतो.

अमेरिकेंत पाव मैलाच्या सरळ पट्टीवर जुन्या मोटारींच्या शर्यती खेळणारे शौकीन अद्यापिहि १९५० सालीं निघालेल्या ‘पॉवरग्लाइड’ या दोनच गतींच्या गिअरपेटीवर जीव टाकतात. गिअर बदलण्यांत वेळ जातो, आणि भाग कमी तितकें मोडण्याचें भयहि कमी. पण पाव मैलाला पुरणारी ही पेटी घेऊन अवजड मालमोटारीनें खंडाळ्याचा घाट चढूं म्हटलें तर फजितीच व्हावयाची.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेपुढें १९२० नंतर नेमका हाच पेंच पडला. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं बोरीबंदर ते कुर्ला अशी हिंदुस्थानांतील पहिली विजेची गाडी धांवली. लोकलचें काम त्या मानानें सोपें होतें. मोटरीचा अर्धा भार आंसावर टांगावयाचा आणि दांत्यांच्या चाकांच्या एका जोडीनें फिरवावयाचें. बी. बी. अँड सी. आय. रेल्वेनें ५ जानेवारी १९२८ पासून कुलाबा ते बोरिवली विजेची वाहतूक सुरू केली आणि १९३६ सालीं ती विरारपर्यंत नेली, तेव्हां भाईंदरलाहि ती लाभली.

बोरघाटाची गोष्ट निराळी. १८६३ सालीं खुल्या झालेल्या या मार्गावर ३७ फुटांस १ फूट असा चढ आहे. अशा चढावर मालगाडी ओढतांना एखादें चाक जागच्या जागीं घसरून फिरूं लागलें कीं सारा जोर वायां जातो, गाडी थबकते, आणि मागें शेंकडों टन ओझें उताराकडे ओढ घेत असतें. येथें चुकीची किंमत माणसांच्या जिवानें द्यावी लागते.

मालगाड्यांसाठीं म्हणून दांडे निवडण्यांत आले. प्रत्येकी ६५० अश्वशक्तीच्या चार मोटरी. त्यांपैकीं दोन दोन मोटरी दांत्यांनीं एका आडव्या आंसाला जोडलेल्या, आणि तेथून लोखंडी दांड्यांनीं चाकांचे तीन तीन जोड बांधलेले. एकट्या जोडाला घसरावयाचें म्हटलें तरी बाकीचे दोन त्याला धरून ठेवीत. अशीं ४१ इंजिनें आलीं. त्यांतील १० स्वित्झर्लंडांत विंटरथूर येथें तयार झालीं, आणि उरलेलीं ३१ इंग्लंडांतील व्हल्कन फाउंड्रीनें केलीं. लोकांनीं त्यांना ‘खेकडा’ म्हटलें. दांड्यांची ती विचित्र हालचाल आणि सळसळ ज्यानें अनुभवली असेल, त्याला या नांवाचें आश्चर्य वाटणार नाहीं.

परंतु दांडे वेगाचे वैरी. जडशीळ लोखंड जलद गरगरूं लागलें कीं इंजिन हादरतें, बेअरिंगें झिजतात, तेलपाण्याची निगा वाढते. मालगाडीला ताशीं ५० मैल पुष्कळ झाले. पुण्याच्या उतारूला ते पुरेत ना. तेव्हां प्रवासी गाड्यांसाठीं १९२८ च्या सुमारास निरनिराळ्या रचनांचीं इंजिनें आणून रुळांवर पारखण्यांत आलीं. मोटरीचें वजन वर स्प्रिंगांवर पेलावयाचें, चाक मात्र रुळाच्या खांचखळग्यांप्रमाणें वरखालीं होणार. मग या दोघांना जोडावें कसें? प्रत्येक रचनेचें उत्तर निराळें होतें. मेट्रोपोलिटन-व्हिकर्स कंपनीच्या इंजिनाची निवड झाली. त्यांत हरएक चालक आंसाला स्वतःच्या दोन मोटरी असून मधला सांधा विंटरथूरच्या पद्धतीचा होता. कारखान्याच्या कागदावर न भुलतां रुळांवर परीक्षा घेण्याचें हें धोरण खरोखर वाखाणण्याजोगें. १९२९ सालीं घाटांतील जुनें उलटफेरीचें स्टेशनहि नव्या मार्गामुळें निकालांत निघालें. आणि १ जून १९३० रोजीं निघालेल्या दख्खनच्या राणीनें मुंबई-पुणें अंतर पावणेतीन तासांवर आणलें. आरंभीं ती आठवड्याच्या अखेरीस धांवे, आणि तिच्या उतारूंत पुण्याच्या घोड्यांच्या शर्यतींचे शौकीन बरेच असत!

दांडे हरले असें मात्र म्हणतां येत नाहीं. १९५० नंतर आलेल्या नव्या इंजिनांत ते राहिले नाहींत हें खरें, तरी खेकडे पुढें कित्येक दशकें राबले. उतारवयांत स्टेशनांतील डबे इकडून तिकडे हलविण्याचें हलकें काम त्यांच्याकडे आलें. दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयांत या दोन्ही जातींचें एकेक इंजिन ठेवलेलें आहे. ४५०२ क्रमांकाचें ‘सर लेस्ली विल्सन’ मालगाडीचें, ४००६ क्रमांकाचें ‘सर रॉजर लम्ली’ प्रवासी गाडीचें; दोन्ही नांवें मुंबईच्या गव्हर्नरांचीं. एकाच्या चाकांवर दांडे आडवे पडलेले दिसतात, दुसऱ्याचीं चाकें मोकळीं आहेत.