वर्षाचा पास, महिन्याचा हप्ता : एका व्यवहाराची कुळकथा

थीम पार्कचा वार्षिक पास महिन्याच्या हप्त्यांनी विकण्याची पद्धत अमेरिकेत एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत रुळली. ग्राहक सुरुवातीला काही रक्कम भरतो आणि उरलेली रक्कम पुढच्या बारा महिन्यांत त्याच्या बँक खात्यातून किंवा कार्डावरून आपोआप वळती होत राहते. ही पद्धत कोणा एकाने शोधून काढलेली नाही. मुदतीचे तिकीट, हप्तेबंदीची उधारी आणि खात्यातून परस्पर होणारी वसुली अशा तीन जुन्या पद्धती तिच्यात एकत्र आल्या. या तिन्हींचे नियम वेगवेगळे आहेत. त्यामुळे वरून सारख्याच दिसणाऱ्या हप्त्यामागे दोन अगदी निराळे करार असू शकतात. या व्यवहारातले बहुतेक वाद तिथूनच निघाले.

मुदतीचे तिकीट : करमणुकीच्या बागेत हंगामभर प्रवेश देणारे तिकीट अठराव्या शतकात लंडनमध्ये मिळत असे. टेम्सच्या दक्षिण काठावरची व्हॉक्सहॉल बाग जोनाथन टायर्सने १७३२ मध्ये नव्या थाटात सुरू केली. एका वेळच्या प्रवेशाला एक शिलिंग पडे. हंगामाचे पैसे आगाऊ भरणाऱ्याला चांदीचे, बिल्ल्यासारखे तिकीट मिळे. बागेच्या सजावटीला हातभार लावणाऱ्या विल्यम हॉगार्थ या चित्रकाराला टायर्सने कायमच्या प्रवेशाचे सोन्याचे तिकीट दिले होते. १८५१ मध्ये लंडनच्या हाइड पार्कमध्ये भरलेल्या जागतिक प्रदर्शनाची हंगामी तिकिटे पुरुषांसाठी तीन गिनी आणि स्त्रियांसाठी दोन गिनी अशी विकली गेली. एकोणिसाव्या शतकात रेल्वेनेही मुदतीची तिकिटे आणली. मुंबईच्या लोकल गाडीचा मासिक किंवा त्रैमासिक पास याच परंपरेतला आहे. या सगळ्या प्रकारांत एक गोष्ट समान होती : सवलत मिळे, पण पूर्ण रक्कम आधी मोजावी लागे. म्हणून रोजच्या प्रवासाचा पास नोकरदाराला परवडला, तरी करमणुकीचे हंगामी तिकीट सुखवस्तू घरांपुरतेच राहिले.

एकरकमी प्रवेशशुल्क : वार्षिक पासला अर्थ यायचा, तर आधी दारातले तिकीट बदलणे भाग होते. कॅलिफोर्नियातील ॲनाहाइम येथे १७ जुलै १९५५ रोजी डिस्नीलँडचे उद्घाटन झाले. तेव्हा मोठ्या माणसाला प्रवेशासाठी एक डॉलर पडे आणि आतल्या प्रत्येक राइडचे पैसे वेगळे द्यावे लागत. त्याच वर्षी राइडच्या तिकिटांची पुस्तिका निघाली. राइडच्या आकर्षणानुसार तिकिटांना ‘ए’, ‘बी’, ‘सी’ अशा श्रेणी होत्या. पुढे त्यांत ‘डी’ची आणि १९५९ मध्ये ‘ई’ची भर पडली. राइडगणिक पैसे घेणाऱ्या बागेत वर्षभराचा पास म्हणजे फार तर वर्षभर दारातून आत येण्याची मुभा ठरली असती.

टेक्सासमधील आर्लिंग्टन येथे १९६१ मध्ये उघडलेल्या सिक्स फ्लॅग्स ओव्हर टेक्सास या पार्कने दारात एकच रक्कम घेऊन आतल्या राइड खुल्या ठेवल्या. ही रीत हळूहळू सर्वत्र पसरली आणि डिस्नीलँडनेही १९८२ मध्ये पुस्तिका बंद करून दिवसभराच्या ‘पासपोर्ट’ची पद्धत स्वीकारली. एका दिवसाची किंमत ठरल्यावर अनेक दिवसांची आणि वर्षाची किंमत ठरवणे सोपे झाले. १९८०च्या दशकाच्या पूर्वार्धातच डिस्नीच्या पार्कचे वार्षिक पास विक्रीला आले.

पार्कच्या हिशेबात हा पास चांगला बसतो. राइड उभारण्याचा, त्यांच्या देखभालीचा आणि कर्मचाऱ्यांच्या पगाराचा खर्च बाग भरलेली असो वा रिकामी, जवळपास तेवढाच असतो. आणखी एक माणूस आत आल्याने तो फारसा वाढत नाही. उलट आलेला माणूस खाण्यापिण्यावर, पार्किंगवर आणि दुकानांत पैसे खर्च करतो. शिवाय पावसामुळे एखादा शनिवार-रविवार वाया गेला, तरी पासची रक्कम आधीच जमा झालेली असते.

हप्तेबंदीची उधारी : महाग वस्तू हप्त्यांनी विकण्याची आधुनिक पद्धत शिलाई यंत्रामुळे घराघरांत पोहोचली. सिंगर कंपनीचा भागीदार एडवर्ड क्लार्क याने १८५६ मध्ये यंत्र थोड्या रकमेवर घरी न्यायचे आणि बाकी महिन्याला फेडायची, अशी योजना सुरू केली. १९१९ मध्ये जनरल मोटर्सने मोटारी हप्त्यांवर विकण्यासाठी स्वतःची वित्तसंस्था काढली. या दोन्ही व्यवहारांत हप्ते थकले, तर वस्तू परत नेता येत असे. करमणुकीत परत नेण्याजोगे काही नसते. भोगून झालेला दिवस जप्त करता येत नाही. त्यामुळे हप्त्यांची कल्पना बागेच्या दारापर्यंत यायला फार वेळ लागला.

दरम्यान हप्त्यांच्या व्यवहाराला कायद्याची चौकट मिळाली. कॅलिफोर्नियाने १९५९ मध्ये किरकोळ हप्तेविक्रीचा कायदा केला. तो जेसी अनरुह या आमदाराच्या नावाने ओळखला जातो. १९६८ च्या अमेरिकी संघीय कायद्याने कर्जाच्या अटी ग्राहकाला आधी स्पष्टपणे सांगणे बंधनकारक केले. चारपेक्षा अधिक हप्त्यांत फेडायची उधारी असेल, तर व्याज नसले तरी हे बंधन लागू होते. बारा हप्त्यांच्या बिनव्याजी पासबरोबरही शून्य टक्के व्याज, एकूण रक्कम आणि हप्त्यांची संख्या लिहिलेला करार येतो, तो या नियमामुळे.

खात्यातून परस्पर वसुली : तिसरी पद्धत बँकांच्या कारभारातून आली. ब्रिटनमध्ये १९६४ मध्ये युनिलिव्हर कंपनीतील ॲलिस्टर हॅन्टन यांनी आइस्क्रीम विक्रेत्यांकडून येणे असलेली रक्कम थेट त्यांच्या खात्यातून घेण्याची व्यवस्था बसवली. ‘डायरेक्ट डेबिट’चा उगम तिथला मानतात. अमेरिकेत खात्यांमधली देवघेव परस्पर मिटवणारी पहिली स्वयंचलित यंत्रणा १९७२ मध्ये कॅलिफोर्नियात उभी राहिली आणि १९७४ मध्ये देशव्यापी संघटना स्थापन झाली. आता वीस-पंचवीस डॉलरचा हप्ता लाखो लोकांकडून गोळा करायला ना वसुली कारकून लागत होता, ना टपालाने येणारा धनादेश.

या सोयीचा पुरेपूर उपयोग व्यायामशाळांनी केला आणि ग्राहकाच्या स्वभावाची ओळखही तिथेच पटली. जॉन गोरव्हिल आणि दिलीप सोमण यांनी २००२ मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये मांडलेल्या लेखाचा रोख असा होता : वर्षाचे पैसे एकदम भरणारा सुरुवातीला उत्साहाने येतो आणि मग त्याचे येणे ओसरते. दरमहा पैसे भरणारा मात्र वर्षभर सारखा येत राहतो आणि पुढच्या वर्षी सदस्यत्व चालू ठेवण्याची शक्यताही त्याच्याच बाबतीत जास्त असते. स्टेफानो डेला व्हिन्या आणि उलरिके माल्मेंडियर यांच्या २००६ च्या अभ्यासाने दुसरी बाजू दाखवली. दहा डॉलरला एक खेप पडणारा पास उपलब्ध असताना मासिक सदस्य प्रत्यक्षात खेपेमागे सतरा डॉलरहून अधिक मोजत होते, कारण ते ठरवल्यापेक्षा कमी वेळा येत होते. नियमित वापर आणि न थांबणारी वसुली हे मासिक हप्त्याचे दोन्ही गुण पुढे थीम पार्कमध्ये दिसले.

तिन्हींचा मिलाफ : डिस्नीलँडने कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांसाठी बिनव्याजी मासिक हप्त्यांची योजना या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस आणली. पुढे फ्लोरिडातील वॉल्ट डिस्नी वर्ल्डनेही आपल्या राज्यातल्या रहिवाशांना तशीच सवलत दिली. योजनेतला कळीचा मुद्दा सुरुवातीच्या रकमेचा होता. ती साधारण एका दिवसाच्या तिकिटाएवढी ठेवली गेली. ग्राहक पहिल्याच भेटीनंतर हप्ते भरायचा थांबला, तरी त्या दिवसाची किंमत पार्कला मिळालेली असे. हप्ते थकलेल्या माणसाला पास अडवून दारातच थांबवता येत होते. शिलाई यंत्र घरून उचलून आणण्याच्या जागी प्रवेश रोखण्याचे साधन आले आणि करमणुकीची उधारी व्यवहार्य ठरली.

योजना रहिवाशांपुरती ठेवण्यामागे साधा हिशेब होता. दूरचा पाहुणा सुट्टीत एकदा येऊन सलग काही दिवसांचे तिकीट घेतो. वर्षभर येऊ शकतो तो जवळचाच माणूस, आणि सुट्ट्यांचा काळ सोडून एरवीच्या दिवशी बाग भरायला त्याचीच गरज असते. अशा घराला चार जणांच्या पासची रक्कम एकदम काढणे जड जाते. महिन्याच्या खर्चात ती बसवता येते.

मर्यादित हंगामाच्या पार्कना हप्त्यांचा वेगळा फायदा झाला. ओहायोतील सीडर पॉइंटसारखी पार्क हिवाळ्यात बंद असतात. पुढच्या हंगामाचा पास शरद ऋतूत हप्त्यांवर विकला, की दारे बंद असलेल्या महिन्यांतही पैसा येत राहतो.

दोन करार : इथून या पद्धतीला दोन फाटे फुटले. पहिल्या प्रकारात पासची किंमत ठरलेली असते आणि ती बारा हप्त्यांत फेडली की व्यवहार संपतो. ही उधारी झाली. दुसऱ्या प्रकारात ग्राहक महिन्याची वर्गणी देणारा सदस्य होतो. पहिले वर्ष बंधनाचे असते आणि त्यानंतर ग्राहक स्वतः थांबवेपर्यंत वसुली चालू राहते. सिक्स फ्लॅग्सने २०१० नंतरच्या दशकात असे सदस्यत्व सुरू केले आणि २०१८ मध्ये त्याच्या अनेक श्रेणी केल्या.

दोन प्रकारांची सरमिसळ झाली की काय होते, ते सीवर्ल्ड या थीम पार्क कंपनीच्या ‘ईझीपे’ योजनेच्या दाव्यात स्पष्ट झाले. बारा महिन्यांचे हप्ते पूर्ण भरल्यानंतरही पास आपोआप पुढे चालू ठेवून पैसे कापले गेले, अशी तक्रार घेऊन ग्राहकांनी डिसेंबर २०१४ मध्ये फ्लोरिडातील संघीय न्यायालयात सामूहिक दावा लावला. बारा महिन्यांपेक्षा कमी काळात फेडलेले पास सोडून बाकीचे पास आपोआप पुढे चालू राहतील, असे करारात म्हटले होते. आपले पास बारा महिन्यांपेक्षा कमी काळात फिटले, त्यामुळे नूतनीकरण आपल्याला लागू होत नाही, असे ग्राहकांचे म्हणणे होते. प्रकरण २०२० मध्ये सुमारे १ कोटी १५ लाख डॉलरवर मिटले. आपोआप नूतनीकरण होणाऱ्या करारांसाठी ग्राहकाची स्पष्ट संमती घेण्याचा कायदा कॅलिफोर्नियात डिसेंबर २०१० पासून लागू आहे.

गर्दी आणि फेरबांधणी : हप्त्यांनी पास परवडू लागला, तशी जवळच्या लोकांची वर्दळ वाढली. डिस्नीलँडने २०१४ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांसाठीच्या एका स्वस्त पासची नवी विक्री थांबवली आणि २०१५ मध्ये पासची रचना बदलून १,०४९ डॉलरपर्यंतच्या श्रेणी आणल्या. मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे पार्क बंद झाली, तेव्हा बंद दारांसाठी हप्ता कशाचा, हा प्रश्न सगळ्यांपुढे एकदम उभा राहिला. वसुली स्थगित करणे, मुदत वाढवणे आणि परतावा देणे असे उपाय वेगवेगळ्या कंपन्यांनी केले. डिस्नीलँडने जानेवारी २०२१ मध्ये जुनी वार्षिक पास योजनाच गुंडाळली.

ऑगस्ट २०२१ मध्ये तिची जागा ‘मॅजिक की’ने घेतली. ३९९ ते १,३९९ डॉलरच्या चार श्रेणी होत्या आणि येण्याचा दिवस आधी राखून ठेवणे सक्तीचे झाले. एका वेळी किती दिवस राखता येतील, हे श्रेणीवर ठरे : सर्वांत खालच्या श्रेणीत दोन, वरच्या दोन श्रेणींत सहा. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांची हप्त्यांची सोय मात्र टिकली. ३९९ डॉलरच्या पासला सुरुवातीला १७९ डॉलर भरले, की उरलेल्या २२० डॉलरचा बिनव्याजी हप्ता महिन्याला १९ डॉलरच्या आत बसे. गर्दी आवरण्यासाठी दिवसांवर बंधन आले, तरी हप्त्याला हात लावला गेला नाही. पार्कला बाग भरण्याची चिंता उरली नव्हती, पण हे ग्राहक त्याला हवेच होते.

आजची स्थिती : ब्रिटनमध्ये ऑल्टन टॉवर्स आणि लेगोलँड विंडसर चालवणारी मर्लिन कंपनी वार्षिक पासचे पैसे डायरेक्ट डेबिटने दरमहा घेते. डिस्नीलँड पॅरिसच्या पासनाही मासिक भरण्याची सोय आहे. कंपनी आणि देश बदलला, तरी करार पाहताना चार गोष्टी निर्णायक ठरतात : सुरुवातीची रक्कम, हप्त्यांची संख्या, हप्ता चुकल्यास प्रवेशाचे काय होते, आणि बारावा हप्ता भरल्यानंतर वसुली थांबते की चालू राहते. पहिल्या तीन बाबी बहुतेक करारांत सारख्या असतात. पास उधारीवर घेतला आहे की सदस्यत्व पत्करले आहे, हे चौथी बाब ठरवते.