माथारेच्या मुली मैदानात कशा आल्या

संध्याकाळी गल्लीत क्रिकेट खेळणारी मुलं आपण रोज बघतो. त्यांत बारा-तेरा वर्षांच्या मुली किती दिसतात? मुलगी सातवीत गेली की तिचं खेळणं सुटतं. कुणी बंदी घालत नाही, पण त्याच वेळेला पाणी भरायचं असतं, कणीक मळायची असते, धाकट्या भावाला सांभाळायचं असतं. हीच अडचण आफ्रिकेतल्या केनिया देशात तीस वर्षांपूर्वी आली होती. तिथल्या लोकांनी ती कशी सोडवली, ते आज आम्ही सांगणार आहोत.

केनियाची राजधानी नैरोबी. तिथे माथारे नावाची मोठी झोपडपट्टी आहे. दाटीवाटीनं उभ्या पत्र्याच्या खोल्या, उघडी गटारं, जागोजागी कचरा. तिथली मुलं प्लास्टिकच्या पिशव्यांचा गोळा सुतळीनं बांधायची आणि त्याचा चेंडू करून खेळायची. 1987 मध्ये बॉब मन्रो या कॅनडाच्या गृहस्थांच्या पुढाकारानं ‘माथारे युथ स्पोर्ट्‌स असोसिएशन’ ही संस्था सुरू झाली आणि मुलांच्या फुटबॉल संघांची साखळी स्पर्धा भरू लागली.

संस्थेची अट सरळ होती. तुम्ही काही करा, मग संस्था तुमच्यासाठी करील. पावसाळ्यात कचऱ्यानं गटारं तुंबायची, पाणी घरात शिरायचं, आजार पसरायचे. म्हणून संघांनी वस्तीची सफाई करायची असं ठरलं. सामना जिंकला तर 3 गुण, आणि सफाईचं काम पुरं केलं तर 6 गुण! नुसते गोल मारून पहिला नंबर येईना. खोरी-फावडी घेऊन गटारात उतरावं लागे. या कामाची दखल संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागानं 1992 मध्ये पुरस्कार देऊन घेतली.

स्पर्धा चालवायचं कामही मुलांकडेच आलं. वेळापत्रक लावणं, शिट्टी घेऊन पंच म्हणून उभं राहणं, लहानांना शिकवणं, हे सगळं पंधरा-सोळा वर्षांची पोरं करू लागली. मैदानात पंचाशी फक्त कर्णधारानं बोलायचं. लाल कार्ड मिळालेल्या खेळाडूला पुन्हा खेळण्याआधी लहान मुलांच्या सामन्यांत पंच व्हावं लागे. दुसऱ्याची शिवीगाळ ऐकून घेतली की आपली जीभ आपोआप आवरते. जो शिकवी, सफाई करी, पंच होई, त्याच्या नावावर गुण जमत आणि त्यातून शाळेची फी भरली जाई.

हे सगळं छान होतं, पण पहिली पाच वर्षं ते मुलग्यांपुरतंच होतं. मुलींचा फुटबॉल 1992 मध्ये सुरू झाला. अडचणी कोणत्या, हे आपल्याला सांगायला नको. घरचं काम मुलींच्या अंगावर. आयांना काळजी, की पोर अंधार पडायच्या आत घरी येईल ना? मुलगी बाहेर गेली तर चूल कोण बघणार? आणि वर, फुटबॉल हा काय पोरींचा खेळ? मग संस्थेची माणसं घरोघरी गेली. आईबापांशी बोलली, त्यांचा विश्वास मिळवला. घरचं काम आटोपून मुलींना येता येईल आणि उजेडात परतता येईल, याचा विचार झाला. मुलींचे संघ वाढत गेले. ज्या मुलींचं जग घर आणि नळ एवढंच होतं, त्यांना मैत्रिणी मिळाल्या, हक्काची जागा मिळाली. चारचौघांत मोठ्यानं बोलायची सवय झाली. 1994 पासून संस्थेतली तरुण मुलं-मुली एड्सविषयी आपल्याच वयाच्या मुलांशी बोलू लागली. घरात ज्या विषयाचं नाव निघत नसे, तो मैदानात निघाला.

याच संस्थेतून उभा राहिलेला ‘माथारे युनायटेड’ हा संघ 2008 मध्ये केनियाच्या सर्वांत वरच्या साखळीत विजेता ठरला. आपल्या नागपुरातही असं काम झालं आहे. क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी 2001 मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांसाठी फुटबॉल सुरू केला. नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ हा चित्रपट त्यावरच आहे.

आम्हाला मात्र विजेतेपदाच्या चषकापेक्षा त्या घरोघरच्या भेटी मोठ्या वाटतात. चेंडू विकत मिळतो, मैदान मागून मिळतं. मुलीचा तासभर वेळ मात्र घरातूनच मिळावा लागतो, आणि तो बहुतेक वेळा आईच्या हातात असतो. संध्याकाळची भांडी एक दिवस मुलीनं, एक दिवस मुलानं घासली तर घर काही अडत नाही. तेवढ्यात एक सामना होतो.

तर मैत्रिणींनो, आज घरी विचारून बघा, आपली लेक शेवटची कधी खेळली?