पाडलेल्या पुलांची कुळकथा

जुलै २०२०. टाळेबंदीमुळे रस्त्यांवर वर्दळ नव्हती, ती संधी साधून पुणे विद्यापीठ चौकातले उड्डाणपूल पाडले गेले. जेमतेम दीड दशक वापरलेले हे पूल हिंजवडी–शिवाजीनगर मेट्रोच्या आड येत होते. वापरातला पूल शहर स्वतःहून पाडतं, या प्रकाराचं मूळ शोधत गेलो आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या बंदराशी पोहोचलो. तिथे पाडलेला एम्बार्कडेरो फ्रीवे दुमजली होता. आपण विद्यापीठ चौकात नव्याने बांधायला घेतला तो पूलही दुमजलीच! तेव्हापासून या दोन पुलांनी माझा पिच्छा सोडलेला नाही.

एम्बार्कडेरोची प्रचलित कथा एका ओळीची आहे: १७ ऑक्टोबर १९८९ला ६.९ तीव्रतेचा भूकंप झाला, फ्रीवेला तडे गेले, तो पाडून जमिनीवर रुंद रस्ता केला. मला ही कथा अर्धीच वाटते. भूकंपात कोसळला तो पलीकडच्या ओकलंडमधला सायप्रस मार्ग. तोही दुमजली, आणि त्याखाली ४२ माणसं गेली. एम्बार्कडेरो मात्र उभा होता. डागडुजी करून तो पुन्हा वापरता आला असता. शिवाय फ्रीवेंविरुद्ध तिथल्या नागरिकांचं बंड १९५९चं, म्हणजे भूकंपाच्या तीस वर्षं आधीचं. मग श्रेय बंडाला द्यायचं का? तिथेही अडचण आहे. १९८६मध्ये पूल पाडण्याचा प्रस्ताव मतदारांनीच फेटाळला होता. पूल गेला तर वाहतूक तुंबेल, ही भीती.

भूकंपाने मोडली ती ही भीती, असा माझा तर्क आहे. पूल बंद पडला, गाड्यांनी दुसऱ्या वाटा शोधल्या आणि शहर चालू राहिलं. तरी चायनाटाउनच्या व्यापाऱ्यांचा विरोध शेवटपर्यंत होता. पाडकाम रेटणारे महापौर आर्ट अ‍ॅग्नोस १९९१ची निवडणूक हरले; पाडकाम त्याच वर्षी सुरू झालं होतं. पुढे फेरी बिल्डिंगसमोर ताडांच्या रांगा, ट्राम आणि पायी फिरणारी माणसं आली. शहरांनी स्वतःहून हटवलेल्या फ्रीवेंच्या घराण्यातला थोरला पोर्टलंडचा हार्बर ड्राइव्ह, १९७४मध्ये बंद झालेला. तिथे तर भूकंपाचीही गरज पडली नाही.

पुण्याचा अनुभव उलटा, असं कुणी म्हणेल. पूल गेल्यावर विद्यापीठ चौकात वर्षानुवर्षं कोंडी झाली, हे खरंच. पण तिथे त्याच वेळी मेट्रोचे खांब उभे राहत होते, बॅरिकेडनी रस्ता आवळला होता. पुलाविना चौक कसा चालतो, याची निकोप परीक्षा झालीच नाही. सॅन फ्रान्सिस्कोला आपत्तीने प्रयोग करायला लावला. आपण टाळेबंदीत फक्त पाडकाम उरकलं आणि वर आणखी एक मजला चढवला.

जमिनीवरचा चांगला रस्ता पुण्याला परका नाही. जंगली महाराज रस्त्यावर रुंद केलेल्या पदपथावर झाडाखालच्या बाकांवर आजी-आजोबा टेकतात, संभाजी बागेतून निघालेली पोरं हात सोडून पुढे पळतात आणि आई-बाप ओरडत नाहीत. गाड्याही त्याच रस्त्याने जातात. पुढचा उड्डाणपूल मंजूर करण्याआधी महापालिकेने तो जिथे होणार त्या चौकात असा रस्ता काही महिने करून पाहावा, आणि पुणेकरांनी तो मागावा.